निकेल-झिंक फेराइटची रिंग: वजनकाट्यापासून एलसीआर मीटरपर्यंत

पहिलंच सांगते, कॉलेजच्या साध्या मफल भट्टीत (विजेवर तापणाऱ्या पेटीसारख्या भट्टीत) फेराइट, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडमध्ये दुसऱ्या धातूंची ऑक्साइडं मिसळून भाजलेला चुंबकीय सिरॅमिक, करायचा असेल तर मँगनीज-झिंकच्या वाटेला जाऊ नका. चार्जर आणि पॉवर सप्लायमधला करडा-काळा कोअर (तार गुंडाळायचा गाभा) बहुधा त्याच जातीचा असतो आणि त्याची पर्मिअॅबिलिटी (चुंबकीय क्षेत्र किती पटींनी वाढवतो तो आकडा) हजारांत जाते, हे खरं. पण तो थंड होत असताना भट्टीतला ऑक्सिजन मोजूनमापून कमी करावा लागतो, त्यासाठी नायट्रोजन आणि बंदिस्त भट्टी लागते. उघड्या हवेत थंड केलात तर मँगनीज आणखी ऑक्सिजन ओढून घेतं, स्पिनेल (फेराइटची स्फटिकरचना) मोडतो आणि त्यातून हेमटाइट (नुसतं फेरिक ऑक्साइड) वेगळा पडतो. निकेल-झिंकचं तसं नाही. तो हवेतच भाजायचा आणि हवेतच थंड करायचा असतो. शिवाय मेगाहर्ट्झच्या पुढे कामाला येतो तोही हाच.

मी फिजिक्सच्या लॅबमध्ये भट्टी सांभाळते. एमएस्सीच्या प्रोजेक्टची मुलं आणि अधूनमधून एखादा हॅम (हौशी) रेडिओवाला माझ्याकडे येतो. दोघांचा प्रश्न एकच असतो, "मॅडम, किती टेंपरेचरला भाजायचं?" माझ्या मते हा प्रश्न चौथ्या-पाचव्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न लोहाचा.

लोहाचा हिशोब

फेराइट विजेला अडवतो म्हणून त्यात हाय फ्रिक्वेन्सीला एडी करंट (कोअरच्या आत भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह) वाहत नाहीत आणि कोअर तापत नाही. त्याची सगळी पुण्याई एवढीच. ही अडवणूक टिकते ती सगळं लोह फेरिक रूपात, म्हणजे तीन संयुजेचं असेपर्यंत. थोडं जरी फेरस, म्हणजे दोन संयुजेचं लोह शिरलं तरी इलेक्ट्रॉनला एका लोहावरून शेजारच्या लोहावर उडी मारायला वाट मिळते आणि रोधकता शेकडो-हजारो पटींनी कोसळते. फेरस लोह तयार होण्याचे रस्ते तीन. मिश्रणात लोह जास्त पडणं, भट्टीत झिंक उडून जाणं आणि भट्टीत हवा कमी पडणं. पुढे जे जे सांगणार आहे ते या तिघांवर पहारा ठेवण्याबद्दलच आहे, हे ध्यानात ठेवून वाचा.

सुरुवातीला अर्धं निकेल, अर्धं झिंक हे मिश्रण घ्या. सूत्राप्रमाणे अर्धा मोल निकेल ऑक्साइड, अर्धा मोल झिंक ऑक्साइड आणि एक मोल फेरिक ऑक्साइड. शंभर ग्रॅमला निकेल ऑक्साइड १५.७१ ग्रॅम, झिंक ऑक्साइड १७.१२ ग्रॅम आणि फेरिक ऑक्साइड ६७.१७ ग्रॅम होतं. हा झाला कागदावरचा हिशोब. मी फेरिक ऑक्साइड दोन टक्के कमी घ्यायला लावते, म्हणजे ६५.८३ ग्रॅम. लोह किंचित कमी पडलं तर थोडंफार नुकसान होतं, किंचित जास्त झालं तर कोअर बाद होतो. म्हणून चुकायचंच असेल तर कमीच्या बाजूला चुका.

झिंक कशासाठी घालायचं, हे व्हायव्हाला हमखास विचारतात. स्पिनेलमध्ये धातूंना बसायला दोन प्रकारच्या जागा असतात, चार ऑक्सिजनच्या मधली आणि सहा ऑक्सिजनच्या मधली. या दोन जागांवरचे चुंबकीय आघूर्ण एकमेकांच्या उलटे असतात आणि जी वजाबाकी उरते ती आपल्या हाती लागते. ही मांडणी लुई नील यांनी १९४८ मध्ये केली, १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. झिंकला स्वतःला चुंबकत्व नाही, पण ते चार ऑक्सिजनच्या जागेवर जाऊन बसतं आणि तिथलं लोह पलीकडे ढकलतं. वजा होणारी बाजू हलकी झाली की उरणारं चुंबकत्व वाढतं. अर्थात याला मर्यादा आहे. झिंक वाढेल तसं क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर हे चुंबकत्व नाहीसं होतं ते तापमान, उतरत जातं. नुसत्या निकेल फेराइटचं ते ५८५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, अर्ध्या-अर्ध्या मिश्रणाचं साधारण २७०. झिंक ०.६५-०.७ वर नेलंत तर ते शंभर-दीडशेच्या पट्ट्यात येतं, मग ट्रान्समीटरमध्ये गरम झालेला कोअर काम अर्धवट सोडतो.

वजन करण्याआधी

तिन्ही पावडरी एआर (प्रयोगशाळेसाठीच्या शुद्ध) ग्रेडच्या घ्या. फेरिक ऑक्साइड स्वस्त मिळतो म्हणून रंगाच्या दुकानातला आणू नका. त्यातल्या सिलिकाने कण कसे वाढतील ते तुमच्या हातात राहणार नाही.

झिंक ऑक्साइडची बाटली उघडी राहिली की ते हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड पितं. पावसाळ्यात कोकणपट्टीत किंवा कोल्हापूरकडे हे फार. म्हणून बाटलीतून थेट काट्यावर घ्यायचं नाही. प्रत्येक ऑक्साइडचे दहा ग्रॅम क्रुसिबलमध्ये घालून ८०० अंशांवर तासभर ठेवा, डेसिकेटरमध्ये गार करा आणि परत तोला. समजा झिंक ऑक्साइड ९.८५ भरलं, तर बाटलीतल्या मालात दीड टक्का हवा-पाणी आहे. मग १७.१२ ऐवजी १७.३८ ग्रॅम घ्यायचं. मुलं ही पायरी गाळतात आणि पुढे एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या चाचणीत) न जुळलेला हेमटाइट दिसला की भट्टीला नावं ठेवतात.

निकेल ऑक्साइडबद्दल गंभीरपणे सांगते. त्याची धूळ श्वासात जाणं कर्करोगाला आमंत्रण आहे, यात शंका नाही. एन-९५ मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे घाला, पंखा बंद ठेवा, तोलणं फ्यूम हुडात करा. सांडलं तर झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने टिपायचं आणि ते फडकं पिशवीत बांधून रासायनिक कचऱ्यात टाकायचं. सिंकमध्ये धुऊन टाकायचं नाही. ज्यांना निकेलच्या दागिन्याने किंवा घड्याळाच्या पट्ट्याने खाज सुटते त्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावं.

मिसळणं आणि पहिली भाजणी

मिसळायचं ते ओलंच, डिस्टिल्ड पाण्यात किंवा अॅसिटोनमध्ये. बॉल मिल असेल तर सहा-आठ तास फिरवा, नसेल तर अगेटच्या खलात अॅसिटोन घालून घोटा. खलात दोन-तीन तास घोटताना मनगट दुखतं, त्याला इलाज नाही. अॅसिटोनची बाटली तापलेल्या भट्टीच्या खोलीत आणायची नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

बॉल मिलमध्ये गोळे स्टीलचे असतील तर लोहाचा हिशोब पुन्हा उघडा. गोळे झिजतात आणि ती झीज तुमच्या मालात जाते. मिलमध्ये टाकण्याआधी गोळे धुऊन, वाळवून तोला, काढल्यावर परत तोला. एक ग्रॅम लोखंड म्हणजे १.४३ ग्रॅम फेरिक ऑक्साइड. शंभर ग्रॅमच्या घाण्यात गोळ्यांनी अर्धा ग्रॅम टाकला तर ०.७ ग्रॅमच्या वर फेरिक ऑक्साइड फुकटात आलं, म्हणजे लोहाच्या एक टक्क्याहून थोडं अधिक. आपण दोन टक्के कमी घेतलं त्यातला निम्मा भाग इथेच भरून निघाला. दुसऱ्यांदा दळताना उरलेला निम्माही जाऊ शकतो. कारखान्यात ही झीज आधीच धरून लोह कमी घालतात. झिर्कोनियाचे गोळे मिळाले तर ही डोकेदुखी टळते, फक्त ते महाग आहेत.

नीट मिसळलं का, हे बघायला यंत्र लागत नाही. थेंबभर ओला माल काचेच्या स्लाइडवर घ्या, बोटाने पातळ ओढा आणि वाळल्यावर खिडकीशी धरा. सगळीकडे सारखा विटकरी रंग हवा. पांढरे ठिपके दिसले तर झिंक ऑक्साइडच्या गाठी आहेत, हिरवट-काळपट ठिपके दिसले तर निकेल. पुन्हा घोटा. पाण्यात मिसळलं असेल तर वाळवताना सतत ढवळत राहा. तसंच ठेवलं तर जड आणि मोठे कण खाली बसतात, हलके वर राहतात आणि आठ तासांची मेहनत ट्रेमध्ये थरांनी वेगळी होते.

वाळलेला माल अॅल्युमिनाच्या क्रुसिबलमध्ये सैल भरा, ठोकून बसवू नका, आत हवा खेळली पाहिजे. ९०० अंशांवर चार तास. आधी झिंक आणि लोह जुळतात, निकेल सावकाश येतं. बाहेर काढाल तेव्हा विटकरी रंग जाऊन गडद चॉकलेटी आला असेल आणि ढेकळं बोटाने फुटतील इतपत घट्ट असतील. फुटत नसतील तर जास्त भाजलंय, दळायला त्रास होईल. चुंबक जवळ नेलात तर पावडर चिकटेल. मूळची तिन्ही ऑक्साइडं अशी चिकटत नव्हती.

या टप्प्यावर एक्सआरडी काढून घ्या. कॉपरच्या किरणांनी ३५.४ अंशांजवळ सगळ्यात उंच शिखर दिसेल, ते ३११ या स्फटिक-प्रतलाचं. आधी ३३.१५ अंशांवर नजर टाका. तिथे उंचवटा असेल तर हेमटाइट शिल्लक आहे. या टप्प्याला थोडा चालतो, शेवटच्या भाजणीनंतर मुळीच चालत नाही. निकेल ऑक्साइडचं मुख्य शिखर ४३.३ला येतं आणि स्पिनेलचं ४०० त्याला चिकटून ४३ला, त्यामुळे निकेल उरलंय की नाही हे तिथून कळत नाही. ते ठरवायला हेमटाइटच पाहायचा. लोह उरलं असेल तर ज्याच्याशी ते जुळायचं तेही कुठेतरी उरलेलं असणार.

सोल-जेलबद्दल (द्रावणातून फेराइट करण्याच्या पद्धतीबद्दल) विचारणारे असतातच. नायट्रेटं, सायट्रिक अॅसिड, अमोनियाने पीएच सातवर आणायचा आणि शेवटी भुसकन पेट घेणारं जेल. महाराष्ट्रातल्या बऱ्याच विद्यापीठांत ही पद्धत चालते, कण नॅनोमीटरमध्ये येतात, एक्सआरडीचे आलेख देखणे दिसतात. पण एका खेपेला चार-पाच ग्रॅम माल निघतो, तांबडा-पिवळा धूर निघतो तो वेगळाच, आणि ती फुगीर राख डायमध्ये (साच्यात) दाबली की नीट बसत नाही. पेपरसाठी ठीक आहे. दहा-वीस रिंगा करून त्यांवर तार गुंडाळायची असेल तर ऑक्साइडचीच पद्धत धरा.

दाणे पाडणं आणि दाबणं

भाजलेली ढेकळं कुटून पुन्हा ओली दळा, कण एक-दोन मायक्रॉनपर्यंत यायला हवेत. ही दुसरी दळण पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, कारण पुढे भट्टीत आकसण्याची सगळी ताकद या बारीकपणातून येते.

आता बाइंडर, म्हणजे पावडर धरून ठेवणारा चिकट पदार्थ. पीव्हीएचं (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं) पाच टक्के द्रावण करा. पीव्हीए थंड पाण्यात भुरभुरवून मग ढवळत ८५-९० अंशांपर्यंत तापवायचं. गरम पाण्यात एकदम टाकलंत तर वरून चिकट, आतून कोरड्या गाठी होतात आणि त्या दुसऱ्या दिवशीही विरघळत नाहीत. शंभर ग्रॅम पावडरीला वीस ग्रॅम द्रावण, म्हणजे एक ग्रॅम कोरडं पीव्हीए. खलात कालवा, अर्धवट वाळू द्या, मूठ वळली की लाडू होईल पण हाताला पाणी लागणार नाही अशा बेताला साठ मेशच्या चाळणीतून दाबून काढा आणि मग पूर्ण वाळवा. मिळालेले दाणे कागदावरून रव्यासारखे घरंगळले पाहिजेत. पिठासारखे चिकटून राहिले तर डायमध्ये ते सारखे भरणार नाहीत आणि रिंग एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला सैल होईल.

आमच्या डायचा बाहेरचा व्यास १५ मिमी आहे, मधला दांडा ८ मिमीचा. एका रिंगेला १.७२ ग्रॅम दाणे. आधी डाय अॅसिटोनने पुसून घ्या. झिंक स्टिअरेट अॅसिटोनमध्ये हलवून त्याचा पातळ हात आतून द्या, वाळू द्या, मग दाणे भरून डाय हलकेच टिचकीने समतल करा.

इथे एक सापळा आहे. हायड्रॉलिक प्रेसच्या काट्यावर टन लिहिलेले असतात, तो भार असतो, दाब नव्हे. आपल्याला दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक टन हवा आहे. रिंगेचं क्षेत्रफळ १.२६ चौरस सेंटीमीटर, म्हणजे काट्यावर सव्वा टन पुरे. तेरा मिमीच्या गोळीला कुणीतरी पाच टन लावतो म्हणून तुम्हीही पाच टन लावलेत तर रिंग बाहेर येताना तिची टोपी निघते, म्हणजे वरचा थर चकतीसारखा सुटतो. कधीकधी तो लगेच सुटत नाही. आत आडवी चीर राहते आणि भाजल्यावर दिसते. सव्वा टनावर अर्धा-एक मिनिट थांबा, भार सावकाश उतरवा आणि रिंग एका दमात बाहेर ढकला. मध्येच थांबलात तर बाहेर आलेला भाग फुलतो, आतला दाबलेलाच राहतो आणि बरोबर त्या रेषेवर चीर पडते.

कच्ची रिंग चिमट्याने उचलू नका, कडा उडते. कागदाच्या पट्टीवर घ्या. उंची ४.७ मिमीच्या आसपास यावी. प्रत्येक रिंगेचं वजन आणि मापं वहीत लिहा, नंतर कुठली रिंग कुठली ते आठवत नाही.

भट्टी

अॅल्युमिनाच्या थाळीत त्याच मिश्रणाची भाजलेली पावडर पातळ पसरा, त्यावर रिंगा ठेवा, अवतीभवती आणखी थोडी पावडर टाका आणि वर दुसरी थाळी झाका, पण हवाबंद नको. यामागचं कारण असं की १२०० अंशांच्या पुढे झिंक रिंगेच्या अंगावरून उडायला लागतं. झिंक गेलं की मागे लोह जास्त उरतं आणि आपण वजनकाट्यावर टाळलेलं संकट मागच्या दाराने आत येतं. भोवतालची पावडर आपलं झिंक हवेत सोडते, मग रिंगेतलं जागेवर राहतं. ही पावडर जुन्या, फुटलेल्या रिंगा कुटून केलीत तरी चालते, फक्त मिश्रण तेच हवं.

खोलीच्या तापमानापासून ५०० अंशांपर्यंत मिनिटाला दोन अंशांनी जा आणि तिथे तासभर थांबा. पीव्हीए इथे जळून निघून जातं. घाई केलीत तर त्याची वाफ रिंग फोडून बाहेर पडते. शिवाय जळताना ते आजूबाजूचा ऑक्सिजन खातं, म्हणून ५०० अंशांपर्यंत भट्टीच्या दाराचं भोक उघडं ठेवा. पुढे मिनिटाला पाच अंशांनी १२३० पर्यंत, तिथे चार तास. मग भट्टी बंद करा आणि दार उघडू नका. साधारण हजार ते सहाशे अंशांमधून हळू उतरताना रिंग हवेतला ऑक्सिजन परत घेते आणि वर असताना जे थोडं फेरस लोह झालेलं असतं ते पुन्हा फेरिक होतं. उतावळेपणाने ७००ला दार उघडलंत तर चिरा पडतात, आणि आत काय राहिलं ते मल्टीमीटर सांगेल.

हिशोब केलात तर चार तास, एक तास, अडीच तास, पुन्हा चार तास. सकाळी आठला सुरू केलं की संध्याकाळी साडेसातला भट्टी बंद, आणि उघडायची दुसऱ्या दिवशी सकाळी. आमच्याकडे देखभालीसाठी वीज जाते ती गुरुवारी, म्हणून भट्टी शुक्रवारी लावते. कंट्रोलरमध्ये वीज जाऊन आल्यावर काय करायचं याची एक सेटिंग असते, ती आधी बघून घ्या. काही कंट्रोलर होते तिथून पुढे जातात, काही पहिल्या पायरीपासून सुरू करतात, काही गप्प बसून राहतात.

तुमची भट्टी १२३०पर्यंत जात नसेल तर दुसऱ्या दळणीत अर्धा टक्का बिस्मथ ऑक्साइड घाला. ते ८००च्या थोडं वर वितळतं, कणांमधून पसरतं आणि ११०० अंशांच्या आसपासच घनता आणून देतं. पण त्याने कण बेसुमार वाढू शकतात, म्हणून एक टक्क्याच्या पुढे जाऊ नका. आणखी खाली यायचं तर निकेलचा काही भाग काढून तांबं घालतात. मोबाइलमधल्या चिप इंडक्टरमध्ये फेराइटचे थर आणि चांदीच्या वाटा एकत्रच भाजायच्या असतात आणि चांदी ९६१ अंशांना वितळते, म्हणून तिथे निकेल-तांबं-झिंक ९००च्या आसपास भाजतात.

रिंग हातात आल्यावर

आधी दोऱ्याला टांगून पेन्सिलीने टिचकी मारा. खणखणीत वाजली तर आत चीर नाही. बद्द आवाज आला तर ती वेगळी ठेवा, मोजण्यात वेळ घालवू नका.

मग व्हर्नियर आणि काटा. सगळं बरोबर झालं असेल तर १५ मिमीची रिंग १२.५ मिमीला येते, भोक ६.७ मिमीच्या जवळ, उंची ३.९ मिमी. बाइंडर गेल्यावर वजन १.७० ग्रॅम राहील. घनता दर घनसेंटीमीटरला ४.९च्या पुढे आली पाहिजे. एक्सआरडीवरून काढलेली पूर्ण घनता ५.३३ असते, म्हणजे सुमारे सात टक्के पोकळी राहिली. कॉलेजच्या भट्टीसाठी उत्तम. ४.५च्या खाली असेल तर पावडर जाड राहिली, नाहीतर भट्टी सांगते तेवढी तापत नाही. थर्मोकपलचं (भट्टीचं तापमान मोजणाऱ्या तारेचं) टोक रिंगांपासून वीतभर लांब असेल तर हा दुसरा संशय आधी घ्या.

आता लोहाच्या हिशोबाचा निकाल. रिंगेच्या दोन्ही सपाट बाजूंना चांदीची पेस्ट लावा, नसेल तर अॅल्युमिनियम फॉइल दाबून धरा, आणि मल्टीमीटर २० मेगोहमवर लावा. मीटरने रेंजबाहेर दाखवलं पाहिजे. या मापाच्या रिंगेसाठी मीटरवरचे ओहम गुणिले २.२४ केलं की रोधकता ओहम-सेंटीमीटरमध्ये मिळते, तेव्हा वीस मेगोहमच्या वर म्हणजे सुमारे साडेचार कोटी ओहम-सेंटीमीटरच्या वर. मीटरने शंभर-दोनशे किलोहम दाखवले तर फेरस लोह शिरलंय. एक रिंग फोडा. आतबाहेर रंग सारखाच असेल तर वजनात किंवा स्टीलच्या गोळ्यांत घोळ आहे. मधोमध काळी आणि कडेला तपकिरी असेल तर हवा कमी पडली किंवा थंड करण्यात घाई झाली. अशा बॅचला ९०० अंशांवर काही तास हवेत ठेवून सावकाश उतरवलं तर बरीच सुधारणा होते. वजनातली चूक मात्र त्याने निघत नाही.

तार गुंडाळण्याआधी कडा बारीक एमरीने घासा, नाहीतर एनॅमल सोलवटतं. टेफ्लॉन टेपचा एक वेढा द्या. २६ गेजच्या तारेच्या दहा फेऱ्या पुरतात, आणि फेरी मोजायची ती भोकातून तार किती वेळा गेली यावरून. एलसीआर मीटर (कॉइलचा इंडक्टन्स मोजणारं यंत्र) १०० किलोहर्ट्झवर लावून इंडक्टन्स घ्या.

पर्मिअॅबिलिटी = ५००० × इंडक्टन्स (मायक्रोहेन्री) ÷ [फेऱ्यांचा वर्ग × उंची (मिमी) × बाहेरचा व्यास भागिले आतला व्यास याचा नैसर्गिक लॉग]

समजा दहा मायक्रोहेन्री आले. ५०,००० भागिले (१०० × ३.९२ × ०.६२८), उत्तर सुमारे २०३. या मिश्रणाला दीडशे ते तीनशेच्या मधलं काहीही समाधानकारक माना. व्यासांचं गुणोत्तर आकसण्याने बदलत नाही, त्यामुळे लॉगची किंमत डायवरून एकदाच काढून भिंतीवर लिहून ठेवा.

पर्मिअॅबिलिटी जास्त आली म्हणून उड्या मारू नका. फिलिप्सच्या आइंडहोव्हनच्या प्रयोगशाळेत स्नूक यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिलं की ती जितकी वाढवाल तितक्या खालच्या फ्रिक्वेन्सीला कोअर दम टाकतो. हॅम मंडळींच्या ओळखीचं उदाहरण द्यायचं तर बाजारातल्या ४३ नंबरच्या फेराइट मटेरिअलची पर्मिअॅबिलिटी ८००, ६१ नंबरची १२५, आणि ट्यून केलेल्या कॉइलसाठी ६१ कितीतरी वरपर्यंत चालतं. आपल्या रिंगेचं हे बघायला नॅनोव्हीएनए (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला मोजणारं हातातलं यंत्र) पुरतो. फक्त दहा फेऱ्यांची कॉइल काढून एकच फेरी ठेवा, नाहीतर तारांमधल्या कपॅसिटन्सचा रेझोनन्स दिसेल आणि तो फेराइटचा समजाल. फ्रिक्वेन्सी वाढवत जा आणि रेझिस्टन्सचा आलेख रिअॅक्टन्सला कुठे ओलांडतो ते बघा. त्याच्या बऱ्याच खाली ट्यून केलेली कॉइल चालेल, त्याच्या आसपास आणि वर हीच रिंग विजेतला गोंगाट (नॉइज) गिळणारा चोक म्हणून उपयोगी.

चाळीस मीटर बँडच्या बालनला (केबल आणि अँटेना जुळवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला), म्हणजे सात मेगाहर्ट्झला, ही रिंग छान चालेल, पण साडेबारा मिमीच्या कोअरमधून शंभर वॅट पाठवू नका. त्याहून वर जायचं असेल तर झिंक कमी करा. निकेल ०.८, झिंक ०.२ या मिश्रणाला शंभर ग्रॅमसाठी निकेल ऑक्साइड २५.३५, झिंक ऑक्साइड ६.९० आणि फेरिक ऑक्साइड ६७.७५ ग्रॅम लागतं, त्यातून पुन्हा दोन टक्के लोह वजा. पर्मिअॅबिलिटी दोन आकड्यांत येईल. झिंक कमी असल्याने ते उडण्याची भीती थोडी कमी, पण हे मिश्रण घट्ट व्हायला उशीर लावतं, म्हणून १२५० अंश धरा. त्यात किंचित कोबाल्ट घातलं तर हाय फ्रिक्वेन्सीचा लॉस (कोअरमध्ये वाया जाणारी ऊर्जा) आणखी उतरतो. तसं केलंत तर त्या रिंगांना चुंबक लावून बघायचा मोह आवरा. एकदा जोरदार चुंबकीय क्षेत्र लागलं की त्यांचा लॉस वाढतो आणि तो आपोआप खाली येत नाही. कोबाल्टच्या रिंगांच्या डबीवर "चुंबक लावू नये" अशी चिठ्ठी आजच चिकटवा, कारण लॅबमध्ये येणारा प्रत्येक जण पहिली गोष्ट तीच करतो.